वातींची वेणी

दोन वर्षांपूर्वीपर्यंत लखनौत, निशातगंजच्या पाचव्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तुम्ही सरोज शिंत्रे कुठे राहतात असं विचारलं असतंत, तर कुणालाही पत्ता सांगता आला नसता. ‘मराठिन आंटी’ म्हटलं असतंत, तर मात्र इस्त्रीवाल्यापासून कचोरीवाल्यापर्यंत चौघांनी एकदम हात करून दाखवला असता. एका गल्लीत पाव शतक काढलेल्या बाईला नाव नसावं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरोजताईंना वाटत होतं, पण बोलून दाखवायची त्यांची पद्धत नव्हती.

पार्लरला नाव होतं. ‘रूपम ब्यूटी पार्लर’, गुलाबी अक्षरांत, आणि शेजारी एका बाईचं चित्र. तिचा एक डोळा पेंटरने दुसऱ्याहून चांगलाच मोठा काढला होता. ही रूपम कोण, तर कुणीच नाही. दीनानाथ शिंत्रे सांगलीहून बदली होऊन इथल्या बँकेत आले होते आणि चेकवरच्या सह्या तपासायच्या टेबलावर बसत होते. घराच्या पुढच्या खोलीत बायकोने पार्लर काढायला त्यांची हरकत नव्हती. उलट भिंतीएवढा आरसा त्यांनी स्वतः रिक्षात मांडीवर धरून आणला. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. बँकेतले लोक याच रस्त्याने जातात, शिंत्रे नाव वाचून काय म्हणतील? मग नुसतं सरोज लिहा, असं ताई म्हणाल्या. पण शिंत्र्यांची मिसेस सरोज हेही बँकेत सगळ्यांना ठाऊक होतं. दोघांचं काही ठरेना, तेव्हा पेंटरनेच विचारलं, रूपम लिहू का? अशी ती रूपम जन्माला आली आणि पुढे सव्वीस वर्षं सरोजताईंच्या डोक्यावर लटकत राहिली.

हात मात्र ताईंचा होता, रूपमचा नव्हे. त्यांची आई तासगावात लग्नघरी नवरीचा खोपा घालायला जायची. ती आकडे वापरत नसे. आकड्याने डोकं दुखतं आणि नवरी रडते, असं तिचं म्हणणं. बोथट सुई आणि काळा दोरा घेऊन ती खोपा चक्क शिवायची. सकाळी शिवलेला खोपा संध्याकाळी वरात घरी पोचली तरी जागचा हलत नसे. सरोजताईंनी ती विद्या आईच्या शेजारी पाटावर बसून घेतली, आणि लखनौत येऊन आयुष्यभर भुवया कोरल्या. गल्लीतल्या पोरींना स्टेप कट हवा असे, त्यांच्या आयांना मेंदी लावून हवी असे. शिवलेला खोपा मागायला कोण येणार होतं?

आली ती हिमानी खांबेटे. हिमानीचे वडील विनय खांबेटे इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. हिमानीचे केस ती पाच वर्षांची असल्यापासून सरोजताईच कापत. मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. ताई मराठीत रागवायच्या, ती हिंदीत माफी मागायची, आणि दोघींचं त्यात काही अडत नव्हतं. आता ती एका कॉलेजात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. एप्रिलच्या एका दुपारी ती फरहीन नावाच्या मैत्रिणीला आणि एका मोठ्या गाठोड्याला घेऊन पार्लरात शिरली.

गाठोड्यात एक अंगरखा होता. चिकनचं काम कसं करतात हे लखनौत शेंबडं पोरही सांगेल: आधी कापडावर लाकडी ठप्प्याने निळी फुलं छापायची, मग त्या रेघांवर पांढऱ्या दोऱ्याने भरायचं, आणि शेवटी कापड धुवायचं. धुतलं की निळा रंग जातो, पांढरं काम उरतं. हिमानीने अंगरखा धुतलाच नव्हता. निम्मी वेल भरलेली, निम्मी नुसती निळी छापलेली. ती वेल पाठीवरून चढत उभ्या कॉलरपर्यंत आली होती. हात कुठे लागला आणि कुठे लागायचा राहिला, ते लोकांना दिसू दे, असं तिचं म्हणणं. कपड्याला नावही तिने ‘धोने से पहले’ असंच ठेवलं होतं. मलिहाबादच्या पुढे राहणाऱ्या कनीज़ आपांनी त्यावर चार महिने काम केलं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या शोमध्ये या वर्षी जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक विद्यार्थ्यासोबत एक केशरचना करणारा, आणि कपडा व केस मिळून एकच काम धरायचं. बक्षीस जोडीला, नाव दोघांचं. हिमानीच्या वाट्याला गोमतीनगरातलं एक मोठं सलोन आलं होतं. कॉलरला टेकूनच केस सुरू व्हावेत, पाठीवरची वेल थेट केसांत चढल्यासारखी वाटावी, असं तिने त्यांना सांगितलं. त्यांनी कपडा बघितला आणि हात जोडले. पाणी लागलं की निळं फुटणार, म्हणजे पाणी नाही. स्प्रे नाही, जेल नाही. कॉलरवर बारीक जाळीचं काम, त्यात पिन अडकली की दोरा तुटणार, म्हणजे पिनाही नाहीत. मग केस काय फुंकर मारून बसवायचे?

“काकू, आप तो बिना पिन के करती हैं ना?” हिमानीने विचारलं. तिच्या मुंजीतल्या... नाही, मुंज तिच्या भावाची. त्या मुंजीत ताईंनी तिच्या आईचा खोपा शिवला होता, तो तिच्या लक्षात राहिला होता.

सरोजताईंना जो आनंद झाला तो सांगून समजायचा नाही. त्यांनी कपाटाच्या तळातून आईची सुई काढली, फरहीनला अंगरखा घालून खुर्चीत बसवलं, पाणी लावायचं नाही हे हिमानीकडून तीनदा ऐकून घेतलं आणि तीनदा मान डोलावली. मग केस मोकळे केले, कंगवा फिरवला, आणि डाव्या हाताने आरशासमोरची पाण्याची बाटली उचलून फरहीनच्या मानेवर दोन फवारे मारले.

त्यांना स्वतःला हे कळलंच नाही. सव्वीस वर्षं कंगव्यामागोमाग हात बाटलीकडे जात होता, तसा तो गेला. निळी फुलं फुटून कॉलरभर पसरली तेव्हा त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग हाताकडे. हिमानी बाकावर जाऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, कोई बात नहीं काकू. ती ओरडली असती तर सरोजताईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पार्लर बंद ठेवलं आणि हिमानीला घेऊन मलिहाबादची बस पकडली. चूक आपली, तेव्हा सांगायलाही आपणच जायचं, असा त्यांचा हिशेब सरळ होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा कैऱ्यांनी लगडल्या होत्या, आणि ताईंचं लक्ष एकाही कैरीकडे गेलं नाही. कनीज़ आपा ओसरीवर भरतकाम करत बसल्या होत्या. त्यांनी कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि हसू लागल्या.

“नील तो बहने के लिए ही होती है, बहन. रोकने का शौक़ तो इस लड़की को है.”

कॉलर उसवून नवी लावता येईल, पण बारा दिवस लागतील, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरोजताईंना सरबत दिलं आणि सुई दाखवायला सांगितली. तासगावची ती बोथट सुई आपांनी बोटांत फिरवून बघितली, सुईने केस शिवतात याचं त्यांना मोठं नवल वाटलं. निघताना त्या हिमानीला म्हणाल्या, की तीस वर्षं त्या कपडे भरतायत, पण आपण भरलेला एकही कपडा कुणाच्या अंगावर चालताना पाहिलेला नाही. फोटो तरी पाठव. हिमानी म्हणाली, फोटो कशाला, तुम्हीच या. येताना बसमध्ये ताईंना पहिल्यांदा भूक लागली.

घरी आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली माळ्यावर टाकली.

आता कॉलेजकडून नवीन घोडं अडलं. विभागप्रमुख मॅडमनी हिमानीला बोलावून सांगितलं की कपडा बाकीच्यांसारखा धुऊन टाक आणि सलोनसोबत शांतपणे शो कर. हिमानी ऐकेना. तेव्हा मॅडमनी अट घातली: रॅम्पवर निळा ओघळ दिसला तर कपडा स्पर्धेतून बाद, आणि शेवटच्या मार्कांतही ते धरलं जाईल. राहिला फॉर्म. केशरचना करणाऱ्याच्या रकान्यात हिमानीने ‘सरोज शिंत्रे, निशातगंज’ लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचलं, कोणतं सलोन म्हणून विचारलं, आणि गल्लीतलं पार्लर आहे हे कळल्यावर नावावर काट मारून तिथे एक आडवी रेघ ओढली. मदत करू दे त्यांना, पण नाव नंतर बघू. मॅडम वाईट नव्हत्या. एका पार्लरवालीच्या भरवशावर मुलीचं वर्ष जाईल, अशी त्यांना खरीच धास्ती होती.

हिमानीने हे चाचरत ताईंच्या कानावर घातलं. “नाव राहू दे गं,” सरोजताई म्हणाल्या. “आधी कॉलर वाचू दे.” बोलल्या खऱ्या, पण मग दुपारभर त्यांचा हात ठिकाणावर नव्हता आणि गुप्ता आंटींची उजवी भुवई पार शेपटीएवढी उरली. त्यांना लागलं होतं. पाटीवर रूपम होती आणि फॉर्मवर रेघ. नाव लिहायची वेळ आली की प्रत्येक वेळी दुसरंच काही लिहिलं जात होतं. या खेपेला त्यांनी मनाशी ठरवलं, की ती रेघ तिथे राहू द्यायची नाही.

कोरडे केस शिवून बसवणं काही अवघड गेलं नाही. सुईने कामाची लाज राखली. अडलं ते भलत्याच ठिकाणी. मे महिना लागला होता, पारा त्रेचाळीसवर होता, आणि फरहीनच्या मानेवर दहा मिनिटांत घामाचे थेंब जमत होते. ठप्प्याने निळी छापलेली एक चिंधी ताईंनी तिच्या गळ्याभोवती बांधून बघितली. पंधराव्या मिनिटाला चिंधी निळीशार. हिमानी म्हणाली, हॉलला एसी आहे. ताई म्हणाल्या, एसीच्या भरवशावर लखनौत कुणी मे महिन्यात लग्न काढत नाही.

उत्तर सापडलं ते देवापुढे. गिऱ्हाईक नसलं की सरोजताई पार्लरच्या बाकावर बसून वाती वळत. सासूबाईंनी लावलेली सवय. गणपतीत महाराष्ट्र समाजाला लागणाऱ्या साऱ्या वाती यांच्याच हातच्या. गुरुवारी समई लावताना त्या बघत राहिल्या. वातीचं एक टोक तेलात, दुसरं वर, आणि तेल कुणी न ढकलता चढतंय. मग घाम का चढू नये? मानेवरच्या केसांच्या पहिल्या थराखाली लांब वाती घालायच्या, वेणीत त्यांना वर न्यायचं, आणि टोकं वर उघडी ठेवायची. घाम कॉलरकडे उतरण्याऐवजी वातीतून वर जाईल आणि हवेवर सुकेल. त्यांनी तिथल्या तिथे हात धुतले आणि हिमानीला फोन लावला.

आणि वाती घाम पिईनात. तेल घटाघट पिणाऱ्या त्या वाती, पण पाण्याचा थेंब त्यांच्यावर मोत्यासारखा बसून राहायचा. ताईंनी जाड वळून बघितल्या, सैल वळून बघितल्या, पीळ उलटा देऊन बघितला. तीन दिवस गेले. शो नऊ दिवसांवर आला. चौथ्या दिवशी दीनानाथ दाढी करून बाहेर आले, हनुवटीला कापसाचा लाल बोळा. बायकोचं तोंड पाहून त्यांनी काय बिघडलं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि हनुवटीवरचा बोळा काढून तिच्यापुढे धरला.

“तुझा कापूस रजईवाल्याकडचा आहे. कच्चा,” ते म्हणाले. “हा बघ, केमिस्टकडचा. हा पितो.”

तेवढं बोलून ते पायांत चपला सरकवून निघालेही, आणि दवाखान्यात वापरतात त्या कापसाचे दोन गुंडाळे घेऊन आले. सरोजताईंनी नवी वात वळून तिचं टोक वाटीतल्या पाण्यात धरलं. पाणी सरसर वर चढलं. नवरा इतकी वर्षं सह्यांमधला बारीक फरक कसा ओळखत आला असेल, याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं.

मग ताईंनी स्वतःवर प्रयोग केला. मानेवरच्या केसांखाली वाती शिवल्या, गळ्याला छापलेली चिंधी बांधली आणि भर दुपारी स्वयंपाकघराचा पंखा बंद करून चोवीस पोळ्या लाटल्या. दीनानाथांनी चष्मा पुसून बायकोची मान तपासली. आधी डावीकडून, मग उजवीकडून, चेक उजेडात धरून बघावा तशी. चिंधी कोरडी, फुलं जागच्या जागी. “पास,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फरहीनच्या डोक्यावर वेणी शिवून झाली तेव्हा वातींची टोकं मधूनमधून बाहेर डोकावत होती. ताई ती केसांखाली दडपू लागल्या. हिमानीने त्यांचा हात धरला.

“छुपाइए मत, काकू. ये तो मुर्री है.”

मुर्री म्हणजे चिकनमधला तांदळाच्या दाण्याएवढा भरीव टाका. काळ्या केसांत पांढरी टोकं खरोखरच तशी दिसत होती, कापडावरची वेल केसांत शिरून फुलल्यासारखी. ताई उठल्या आणि फुलवातींचा डबा घेऊन आल्या. खाली गोल, वर टोक, अशा कळीसारख्या त्या वाती बघून हिमानीने कागद-पेन्सिलच मागितली. पुढचे पाच दिवस दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं. ताईंना वेल दोन्ही बाजूंना सारखी हवी होती, हिमानीला ती डाव्या कानाकडे वळवायची होती. हिमानीला वेणी उंच हवी होती, ताईंच्या मते उंच वेणी मान हलली की डुगडुगते. शेवटी वेल डावीकडे वळली आणि वेणी बसकी झाली. दोघींनी एकमेकींना सांगितलं की आपणच जिंकलो. पार्लरात थ्रेडिंगला आलेल्या बायका भुवया विसरून हे भांडण ऐकत बसत.

शोच्या दिवशी दुपारी दीनानाथ चारबाग स्टेशनवर जाऊन मलिहाबादहून आलेल्या कनीज़ आपांना उतरवून घेऊन आले. त्याआधी सकाळभर ते बाल्कनीत फोनवर कुणाकुणाशी बोलत होते, पण ताईंना कान द्यायला वेळ नव्हता. नवी कॉलर आली होती, जुनीपेक्षा काकणभर सरसच.

आणि शो सुरू व्हायच्या तासभर आधी हॉलचा एसी बंद पडला. जनरेटरवर दिवे आणि गाणी चालतील एवढंच, असं इलेक्ट्रिशियनने सांगून टाकलं. पडद्यामागे बावीस जोड्या, बावीस मॉडेल, आणि भट्टी पेटल्यासारखा उकाडा. तास तास खपून बसवलेले केस कपाळावर चिकटू लागले. एकीचा जेल कानामागून ब्लाउजवर उतरला, दुसरीचा सोनेरी स्प्रे मानेवरून वाहून पिवळा ओघळ झाला. सलोनची माणसं टिश्यूचे डबे घेऊन धावत होती. शो सुरू झाला, पण हिमानीचा नंबर होता सतरावा, म्हणजे अजून चाळीस मिनिटं. ती अंगरख्याकडे बघत भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

सरोजताईंनी पदर खोचून सुई हातात घेतली. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत कोरड्या वाती, शंभर तरी असतील. भिजलेली वात वरच्या टोकाने ओढून काढायची, तिच्या वाटेने बोथट सुईने कोरडी वात सरकवायची. शिवण उसवायची गरज नव्हती. चाळीस मिनिटांत त्यांनी दोनदा सगळ्या वाती बदलल्या. सोळावी जोडी रॅम्पवर गेली तेव्हा त्यांनी शेवटची फुलवात डाव्या कानामागे खोवली, फरहीनच्या मानेवरून बोट फिरवलं आणि तिला पुढे ढकललं.

फरहीन रॅम्पच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि तिची पाठ सगळ्या हॉलला दिसली. निळी वेल, निम्मी भरलेली, कॉलरपर्यंत स्वच्छ चढलेली. तिथून पुढे काळ्या केसांत पांढऱ्या कळ्या, डाव्या कानाकडे वळत गेलेल्या. एकही रेघ फुटली नव्हती. तिसऱ्या रांगेत कनीज़ आपा तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा एक कपडा त्यांच्यासमोरून चालत चालला होता.

परीक्षक म्हणून दिल्लीहून एक वयस्कर डिझायनर बाई आल्या होत्या. शो संपल्यावर त्या तडक मंचावर गेल्या आणि त्यांनी फरहीनला वळायला सांगितलं. त्या उकाड्यात हे निळं टिकलंच कसं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. रंग पक्का करून फसवलंय का, हे बघायला त्यांनी बोट ओलं करून अंगरख्याच्या आतल्या कडेवर घासलं. बोट निळं झालं. मग कोरडं बोट कॉलरवर मानेपाशी फिरवलं. ते स्वच्छ राहिलं. मग त्यांना एका वातीचं टोक दिसलं, ते त्यांनी चिमटीत धरून हलकेच ओढलं, आणि चिंब भिजलेली ती वात हातात घेऊन त्या बघतच राहिल्या. पडद्याआडून सरोजताई हे पाहत होत्या.

निकालाला वेळ लागला नाही. निवेदन करणाऱ्या मुलीने कागद उचलला. पहिला नंबर, ‘धोने से पहले’, हिमानी खांबेटे, और... और म्हणून ती थांबली. कागदावर आडवी रेघ होती. तिने कागद उलटा करून पाहिला, पाठीमागेही काही नव्हतं. हिमानी मंचावरून धावत पडद्यामागे गेली आणि ताईंना मनगटाला धरून ओढतच बाहेर घेऊन आली. सुई अजून त्यांच्या पदराला टोचलेली होती.

विभागप्रमुख मॅडम स्वतः उठल्या. मंचावर येऊन त्यांनी निवेदिकेच्या हातातला माईक घेतला, दुसऱ्या हातात कागद आणि पेन, आणि त्या सरोजताईंसमोर उभ्या राहिल्या.

“अपना नाम बताइए,” त्या म्हणाल्या. “पूरा.”

निशातगंजात त्या मराठिन आंटी होत्या. पार्लरात रूपमवाली होत्या, समाजात शिंत्रेवहिनी, खांबेट्यांकडे काकू. सरोजताईंनी माईक घेतला. आधी त्यांनी घसा साफ केला आणि तेही सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“सरोज दीनानाथ शिंत्रे. निशातगंज, पाँचवीं गली.”

मॅडमनी रेघेच्या वर ते नाव लिहिलं आणि मग कागद उंच धरून स्वतः वाचलं. टाळ्या सुरू झाल्या त्या तिसऱ्या रांगेतून. ताईंनी तिकडे बघितलं. कनीज़ आपांच्या पलीकडे दीनानाथ उभे होते, आणि त्यांच्या ओळीत आणखी दहाबारा पांढऱ्या डोक्यांची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. चेहरे ओळखीचे वाटले आणि मग एकेक करून ओळखू आले. ते मिश्राजी, लोन सेक्शनचे. ते श्रीवास्तव, हेड कॅशियर. मागे काठी टेकून उभे होते ते दीनानाथांचे जुने मॅनेजर. ज्यांनी पाटी वाचू नये म्हणून सव्वीस वर्षं रूपम लटकत राहिली, ती सगळी बँक दीनानाथांनी सकाळी एकेकाला फोन करून इथे बोलावून बसवली होती. तेव्हा मात्र सरोजताई रडल्या, भर मंचावर, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

चार दिवसांनी पेंटर आला. त्या बाईच्या चित्राचं काय करायचं, डोळा सारखा करू का, म्हणून त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, राहू दे, इतकी वर्षं सोबत केली आहे तिने. गुलाबी अक्षरं खरवडून निघाली आणि तिथे निळ्या रंगात मोठं नाव आलं. दीनानाथ घरातून चष्मा पुसत बाहेर आले. पाटीखाली उभं राहून त्यांनी ते नाव आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, सावकाश, एकेक अक्षर करून. शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बघत होता.

“पास,” दीनानाथ म्हणाले, आणि नाव ओलं होतं तरी त्यांनी हात लावून बघितलाच. त्यांच्या बोटाचा ठसा ‘सरोज’च्या ‘स’वर अजून आहे.